‘की’ या छोट्याशा इंग्रजी शब्दाला मराठीत नेमके काय म्हणावे?

अक्षरवेल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी तांत्रिक मजकुराचे मराठीत भाषांतर करते. काही महिन्यांपूर्वी पाणी उपसण्याच्या एका यंत्राची माहितीपुस्तिका माझ्याकडे आली होती. तिच्या एकाच पानावर ‘की’ हा इंग्रजी शब्द चार वेळा आला होता आणि चारही वेळा त्याचा अर्थ निराळा होता. पहिली ‘की’ यंत्राच्या पेटीच्या कुलपाची होती. दुसरी नियंत्रण-फलकावर बोटाने दाबायची होती. तिसरी म्हणजे आकृतीच्या खाली दिलेला खुणांचा खुलासा होता. चौथी ‘की’ म्हणजे शाफ्ट (यंत्राचा फिरणारा दांडा) आणि त्यावर बसणारी पुली यांच्या खाचेत ठोकून बसवायचा पोलादी तुकडा. पहिल्या तिन्हींना मी योग्य शब्द शोधले, पण चौथीपाशी घाई केली आणि तिथे ‘किल्ली’ असे लिहिले.

पुस्तिका छापून झाल्यावर एका अनुभवी कारागिराचा निरोप आला. ‘किल्ली शाफ्टच्या खाचेत ठेवून हलक्या हाताने ठोकावी’ हे माझे वाक्य वाचून त्यांच्या हाताखाली नव्याने काम शिकणाऱ्या मुलाने पेटीची किल्लीच त्या खाचेत घालून ठोकली होती. किल्ली वाकली आणि खाचेची कड दुखावली. त्या मुलाची काहीच चूक नव्हती, कारण मी लिहिले होते तेच त्याने केले. दुरुस्तीचे पान काढण्याची जबाबदारी आता माझ्यावर आहे, आणि या वेळी शब्दाचा मुळापासून विचार केल्याशिवाय काही लिहायचे नाही, असे मी ठरवले आहे.

शब्दकोश चाळताना पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, हा शब्द इंग्रजी भाषेत जवळजवळ एकटाच आहे. जुन्या इंग्रजीत तो ‘कॅय’च्या जवळपास उच्चारला जात असे. त्याचे सख्खे भावंड फक्त शेजारच्या फ्रिशियन भाषेत (नेदरलँड्सच्या किनाऱ्याकडच्या एका भाषेत) सापडते. जर्मन भाषेत किल्लीला ‘श्लुसेल’ म्हणतात आणि तो शब्द ‘बंद करणे’ या क्रियापदावरून आला आहे; डच शब्दही त्याच कुळातला आहे. इंग्रजीने मात्र आपला वेगळाच शब्द जपला. त्याचा उच्चारही साधारण १७०० सालापर्यंत ‘के’ असाच होता, म्हणजे ‘डे’ आणि ‘वे’ यांच्याशी त्याचे यमक जुळत असे.

दुसरी गोष्ट कळली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आपला ‘चावी’ हा शब्द पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून आला आहे, आणि ज्या काळात तो आपल्याकडे आला त्या काळी पोर्तुगीज लोक त्यातला पहिला वर्ण ‘च’ असाच उच्चारत असत. हा पोर्तुगीज शब्द लॅटिन ‘क्लाविस’वरून आला आहे. लॅटिनमधल्या ‘क्ल’चा पोर्तुगीजमध्ये ‘च’ होणे हा तिथला नेहमीचा नियम आहे. म्हणजे ज्याला आपण अगदी घरगुती शब्द समजतो तो ‘चावी’ हा थेट लॅटिनचा नातू आहे. योगायोग असा की, इंग्रजी ‘की’चे किल्लीपलीकडचे काही महत्त्वाचे अर्थसुद्धा त्याच लॅटिन शब्दाच्या छायेत वाढले आहेत. खांद्याजवळच्या आडव्या हाडाला इंग्रजीत ‘क्लॅव्हिकल’ म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ ‘छोटी किल्ली’. ‘कॉन्क्लेव्ह’ म्हणजे किल्लीने बंद करता येईल अशी खोली. इटलीतल्या विटेर्बो गावात १२६८ ते १२७१ अशी जवळजवळ तीन वर्षे पोपची निवड रखडली, तेव्हा मतदान करणाऱ्या कार्डिनलांना कोंडून ठेवले गेले. पुढे १२७४ साली पोप दहाव्या ग्रेगरीने निवडीसाठी असे बंदिस्त राहण्याचा नियमच केला. आज ‘कॉन्क्लेव्ह’ हा शब्द कोणत्याही परिषदेला सर्रास लावतात, पण मुळात त्यात बाहेरून फिरवलेली किल्ली आहे.

या शब्दाचे मला आतापर्यंत तीन गट दिसतात: उघडणारी की, दाबायची की आणि दोन वस्तूंना जखडून धरणारी की. मराठीत आपल्याकडे किल्ली, चावी, कुंजी, कळ, पट्टी, खूण असे कितीतरी शब्द आहेत, पण कोणता शब्द कुठे बसतो याची सीमा मला अजून नीट आखता आलेली नाही. आपापल्या क्षेत्रात हा शब्द कसा वापरला जातो ते कृपया सविस्तर लिहावे.

सूरसाधक

अक्षरवेल, आपण मांडलेल्या दुसऱ्या गटाविषयी मी काही सांगू शकेन, कारण ‘दाबायची की’ ही संगीतातून जन्माला आली आहे.

मध्ययुगीन युरोपात स्वरांना अक्षरांची नावे देण्याची पद्धत रुळली. त्या अक्षरांना लॅटिनमध्ये ‘क्लाविस’ म्हणत असत, कारण अक्षर ओळखले की लिहिलेल्या सुरावटीचा अर्थ उघडत असे. स्वरलिपीच्या ओळींच्या सुरुवातीला असे एखादे अक्षर लिहीत, म्हणजे कोणत्या ओळीवर कोणता स्वर आहे ते गायकाला कळे. त्या अक्षराचेच फ्रेंच नाव ‘क्लेफ’, म्हणजे पुन्हा किल्लीच. पाश्चात्त्य स्वरलिपीच्या आरंभी जे वेलांटीदार चिन्ह दिसते ते वळणे घेत गेलेले ‘जी’ हे अक्षर आहे, हे एकदा कळले की त्या चिन्हाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. पुढे ऑर्गनच्या पट्ट्यांवर हीच अक्षरे लिहिली जाऊ लागली आणि अक्षराचे नाव पट्टीला मिळाले. इंग्रजांनी ‘क्लाविस’चे शब्दशः भाषांतर करून पट्टीला ‘की’ म्हटले. पट्ट्यांची रांग असलेला फलक तो ‘कीबोर्ड’. टंकलेखन यंत्रे तयार होऊ लागली तेव्हा बोटांनी दाबायच्या त्यांच्या दांड्यांना हेच नाव मिळाले, आणि तिथून ते संगणकावर आले.

म्हणजे संगणकाच्या कळफलकावरच्या ‘की’चा कुलपाशी थेट संबंध नाही. तिचा प्रवास किल्लीकडून अक्षराकडे, अक्षराकडून बाजाच्या पट्टीकडे आणि पट्टीकडून यंत्राच्या कळीकडे असा झाला आहे. म्हणूनच तिथे ‘किल्ली’ किंवा ‘चावी’ हे शब्द चालत नाहीत आणि ‘कळ’ चपखल बसतो. ‘कळफलक’ हा शब्द ज्यांनी रूढ केला त्यांनी हा भेद अचूक ओळखला होता.

संगीतात ‘की’चा आणखी एक अर्थ आहे. पाश्चात्त्य रचना अमुक ‘की’मध्ये आहे असे म्हणतात, तेव्हा तिचा आधारस्वर कोणता आणि तिचा सप्तक-क्रम मेजर आहे की मायनर, या दोन्ही गोष्टी सांगितलेल्या असतात. बारा आधारस्वर आणि दोन प्रकार मिळून चोवीस ‘की’ होतात. आपल्याकडे गायक ‘काळी चार’ किंवा ‘पांढरी एक’ असे सांगतो आणि त्याला ‘पट्टी’ म्हणतो. गंमत अशी की, बाजाच्या पेटीवर बोटाखाली येते तीही पट्टीच आणि गायक ज्या उंचीवरून गातो तीही पट्टीच. इंग्रजीत ‘की’ या एका शब्दात जे दोन अर्थ एकत्र आले, तेच मराठीत ‘पट्टी’ या शब्दात स्वतंत्रपणे एकत्र आले आहेत. फरक एवढाच की, आपली पट्टी केवळ षड्ज कुठे धरायचा ते सांगते. पुढे राग कोणता गायचा याच्याशी तिचा संबंध नसतो. त्यामुळे पाश्चात्त्य संगीताविषयी लिहिताना ‘की’ला सरसकट ‘पट्टी’ म्हटले तर अर्धा अर्थ गळून पडतो. तिथे मी ‘स्वरश्रेणी’ असे लिहितो आणि पहिल्यांदा शब्द येतो तिथे एक वाक्य खर्च करून खुलासा करतो.

‘कीनोट’ हा शब्दही मूळचा संगीतातलाच आहे. रचनेचा आधारस्वर तो कीनोट, आणि त्यावरून परिषदेचा सूर लावून देणाऱ्या भाषणाला हे नाव मिळाले. मराठीने त्याला ‘बीजभाषण’ म्हटले. स्वराऐवजी बीज आणले, प्रतिमा पूर्ण बदलली आणि तरीही नेमका अर्थ साधला. भाषांतर कसे असावे याचे हे मला नेहमी उत्तम उदाहरण वाटते.

लोहारनेट

माझे आयुष्य यंत्रशाळेत गेले आहे, म्हणून आपल्या चौथ्या ‘की’विषयी लिहितो. या विषयावर कोणी मनापासून विचारले याचेच मला समाधान वाटले.

शाफ्ट फिरतो आणि त्याच्याबरोबर पुली किंवा गिअर फिरला पाहिजे. नुसते घट्ट बसवून भागत नाही, कारण भार आला की शाफ्ट आतल्या आत फिरतो आणि पुली जागेवर राहते. म्हणून शाफ्टच्या अंगावर एक लांबट खाच पाडतात आणि पुलीच्या भोकातही तशीच खाच पाडतात. दोन्ही खाचा समोरासमोर आल्या की त्यांच्यात मिळून एक चौकोनी पोकळी तयार होते. त्या पोकळीत बसणारा पोलादी तुकडा म्हणजे ‘की’, आणि खाचेला ‘कीवे’ म्हणतात. चाळीस मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टला साधारणपणे १२ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर उंच तुकडा लागतो. काही ठिकाणी अर्धचंद्राच्या आकाराचा तुकडा वापरतात, त्याला वुड्रफ की म्हणतात.

हा तुकडा मुद्दाम शाफ्टपेक्षा मऊ पोलादाचा ठेवतात. यंत्रात अचानक काही अडकले आणि भार हाताबाहेर गेला, तर आधी हा तुकडा कातरला जावा आणि शाफ्ट व गिअर वाचावेत, अशी त्यामागची योजना असते. कातरलेला तुकडा खाचेतून काढताना तो मधोमध सरळ रेषेत तुटलेला दिसतो आणि दोन्ही अर्धुके एकमेकांवरून किंचित सरकलेली असतात. ते पाहिले की कारागीर आधी सुटकेचा निःश्वास टाकतो, कारण महागाचा गिअर शाबूत आहे हे त्याला कळलेले असते.

आम्ही कामगार त्याला ‘चावी’ किंवा सरळ ‘की’ म्हणतो. ‘किल्ली’ कोणीच म्हणत नाही. आपल्या चुकीचे मूळ तिथेच आहे. बोलीत ‘चावी’ ही कुलपाचीही असते आणि घड्याळाचीही, त्यामुळे ‘चावी’ ऐकून काम करणारा माणूस संदर्भ शोधतो. ‘किल्ली’ म्हटले की मात्र डोळ्यांसमोर फक्त कुलूप येते. माझा सल्ला असा आहे की, ‘शाफ्टची चावी’ असा जोडशब्द लिहावा आणि पहिल्याच उल्लेखात ‘खाचेत बसणारा चौकोनी पोलादी तुकडा’ असे स्पष्ट करावे.

जाता जाता छपाईतली एक गोष्ट सांगतो. चार रंगांच्या छपाईत निळसर, किरमिजी आणि पिवळ्या रंगांच्या जोडीला काळा असतो, आणि इंग्रजी आद्याक्षरांत काळ्यासाठी ‘के’ हे अक्षर लिहितात. ते ‘ब्लॅक’चे शेवटचे अक्षर आहे असे अनेकांना वाटते, परंतु तो ‘की प्लेट’चा ‘के’ आहे. बाकीचे तीन रंग ज्या ठशाशी जुळवून घेतात तो हा मुख्य ठसा. हा अर्थ आपल्या तिसऱ्या गटात बसतो, कारण इथेही ‘की’ इतरांना आपल्याशी बांधून ठेवते.

किनारपट्टी

एक छोटीशी भर घालते. सगळ्याच ‘की’ एका कुळातल्या नाहीत. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला ‘फ्लोरिडा कीज’ नावाची बेटांची माळ आहे. त्या ‘की’चा किल्लीशी काहीही संबंध नाही. कॅरिबियन बेटांवरच्या मूळ टाइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये ‘कायो’ म्हणजे छोटे सखल बेट हा शब्द आला आणि इंग्रजांनी त्याचे ‘की’ केले. तिथल्या ‘की वेस्ट’ या बेटाचे स्पॅनिश नाव ‘कायो वेसो’ म्हणजे ‘हाडांचे बेट’ असे आहे. इंग्रजी कानांना ‘वेसो’चे ‘वेस्ट’ ऐकू आले आणि हाडांची पश्चिम दिशा झाली. त्याचप्रमाणे बंदरातल्या धक्क्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा उच्चारही आज ‘की’ असाच होतो. तो फ्रेंचमधून आला, पूर्वी किल्लीच्या ‘की’सारखाच लिहिला जात असे आणि नंतर फ्रेंच वळणाचे स्पेलिंग त्याला देण्यात आले. ऐकायला तिन्ही शब्द सारखे असले तरी शब्दकोशात त्यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. भाषांतर करणाऱ्याने आधी हे पाहावे की, आपल्यासमोर एकाच शब्दाचे अनेक अर्थ आहेत की एकाच ध्वनीचे अनेक शब्द आहेत.

रानवाटा

जीवशास्त्रात हा शब्द किमान चार ठिकाणी भेटतो आणि त्यातल्या दोन ठिकाणी त्याने विचाराची दिशा बदलली आहे.

पहिले ठिकाण एन्झाइमचे, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचे. १८९४ साली एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने असे मांडले की, एन्झाइम आणि ते ज्या पदार्थावर काम करते तो पदार्थ हे कुलूप आणि किल्लीसारखे एकमेकांत बसले पाहिजेत. ही उपमा इतकी बळकट ठरली की पुढची सहा दशके लोक त्याच चित्रात विचार करत राहिले. १९५८ साली डॅनियल कोशलँड यांनी दाखवून दिले की हे कुलूप ताठ नसते. पदार्थ जवळ येताच एन्झाइम आपला आकार थोडा बदलून त्याला सामावून घेते. ‘की’ या शब्दाची ताकद आणि मर्यादा मला या एका उदाहरणात दिसतात. उपमेने सत्याच्या दारापर्यंत आणले, पण लोखंडी किल्लीचा ताठरपणाही सोबत आला, आणि तो बाजूला करायला सहा दशके लागली.

दुसरे ठिकाण ‘कीस्टोन’ प्रजातींचे. रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या खडकांच्या एका पट्ट्यातून तारामासे वेचून समुद्रात दूर फेकायला सुरुवात केली आणि ते काम वर्षानुवर्षे चालू ठेवले. तारामासे नाहीसे झाल्यावर त्यांचे भक्ष्य असलेल्या शिंपल्यांनी सगळा खडक व्यापला आणि इतर अनेक प्राणी व शेवाळे तिथून हद्दपार झाली. तारामासे संख्येने थोडेच होते, पण ते काढल्यावर सगळी वसाहत ढासळली. १९६९ साली पेन यांनी अशा प्रजातींना ‘कीस्टोन’ हे नाव दिले. कीस्टोन म्हणजे मुळात कमानीच्या माथ्यावरचा पाचरीसारखा दगड.

तिसरे ठिकाण वनस्पती ओळखण्याच्या ‘की’चे. ‘पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक?’ असे एकामागून एक दोन-पर्यायी प्रश्न विचारत आपल्याला नावापर्यंत नेणारी ती यादी असते. लामार्कने १७७८ साली फ्रान्समधल्या वनस्पतींसाठी ही रीत वापरून ती लोकप्रिय केली. मराठीत तिला ‘ओळख-सूची’ म्हणणे मला सर्वांत बरे वाटते. चौथा अर्थ फार गोड आहे. ॲश या झाडाच्या पंख असलेल्या बिया झुबक्यांनी लोंबकळतात, त्या जुडग्यात अडकवलेल्या किल्ल्यांसारख्या दिसतात म्हणून त्यांनाही इंग्रजीत ‘कीज’ म्हणतात.

लोहारनेट

रानवाटा, आपण कीस्टोनचा उल्लेख केला म्हणून एक बारकावा नोंदवतो. कमानीतला मधला दगड सर्वांत जास्त भार उचलतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. प्रत्यक्षात भार वरून खाली वाढत जातो, त्यामुळे माथ्यावरच्या दगडावर इतर दगडांपेक्षा कमीच दाब येतो. तरीही त्याचे महत्त्व खोटे नाही. तो बसेपर्यंत कमान लाकडी सांगाड्यावर टेकलेली असते, आणि तो बसला की सगळे दगड एकमेकांना रेटून उभे राहतात व सांगाडा काढता येतो. म्हणजे त्याचे महत्त्व वजन पेलण्यात नसून रचना पूर्ण करण्यात आहे. तारामाशांविषयी आपण जे लिहिले, ते वाचताना मला हेच आठवत होते, कारण तेही संख्येने थोडेच होते.

अक्षरवेल (धागाकर्ती)

लोहारनेट, हा बारकावा माझ्यासाठी मोलाचा आहे. ‘आधारशिला’ हा शब्द मी कीस्टोनसाठी आजवर बिनदिक्कत वापरत आले. आधारशिला पायात असते आणि कीस्टोन माथ्यावर असतो, म्हणजे मी कमान उलटी करून ठेवत होते. यापुढे ‘माथ्याचा दगड’ किंवा ‘कळसदगड’ यांपैकी एक वापरेन.

गुपितपेटी

माझे काम संगणक-सुरक्षेतले आहे. आमच्याकडे ‘की’ म्हणजे एक मोठी संख्या असते. ती ठाऊक असेल त्यालाच गुप्त मजकूर वाचता येतो. १८८३ साली ओग्युस्त केर्कहॉफ्स यांनी मांडलेले तत्त्व आजही आम्ही पाळतो. गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुपित फक्त ‘की’मध्ये असावे. कुलपाची रचना जगाला माहीत असली तरी चालते, किल्ली मात्र आपल्याच खिशात हवी. इथपर्यंत ही उपमा अगदी नेमकी आहे. किल्लीची लांबी बिटांत, म्हणजे ० किंवा १ अशा अंकांच्या संख्येत, मोजतात. ५६ बिटांच्या किल्लीसाठी सुमारे ७२ हजार लाख कोटी शक्यता असतात. हा आकडा ऐकायला प्रचंड वाटतो, पण १९९८ साली खास बनवलेल्या एका यंत्राने त्या तपासत जाऊन तीन दिवसांच्या आत योग्य किल्ली शोधून काढली. म्हणून आज १२८ ते २५६ बिटांच्या किल्ल्या वापरतात.

१९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ‘पब्लिक की’ची कल्पना प्रसिद्ध केली, आणि इथे मात्र उपमा मोडते. प्रत्येकाकडे किल्ल्यांची एक जोडी असते. एक किल्ली सगळ्या जगाला वाटून टाकायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. जगाला वाटलेल्या किल्लीने मजकूर बंद करता येतो, पण उघडता येत नाही. जी फक्त बंद करते आणि कधीच उघडत नाही, अशा वस्तूला कोणत्याही भाषेत किल्ली म्हणणे अवघड आहे. खरे तर ते उघडे कुलूप आहे: ज्याला हवे त्याने ते घेऊन जावे, आपली पेटी त्याने बंद करून पाठवावी, आणि उघडायची किल्ली फक्त माझ्याजवळ असावी. मी नवीन मुलांना शिकवताना ‘वाटलेले कुलूप’ आणि ‘राखलेली किल्ली’ असेच म्हणतो, आणि इंग्रजी शब्द नंतर सांगतो. ज्यांना इंग्रजी शब्दांनी गोंधळ होत होता, त्यांना मराठी शब्दांनी एका बैठकीत समजले, हा माझा अनुभव आहे.

माहितीच्या तक्त्यांमध्येही ‘प्रायमरी की’ असते. एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांच्या या रचनेचा पाया घातला. तक्त्यातली प्रत्येक ओळ जिच्यामुळे एकमेवपणे ओळखता येते ती ही ‘की’. तिला ‘प्राथमिक कळ’ म्हटलेले मी वाचले आहे आणि ते मला मुळीच पटत नाही, कारण ती कोणी दाबत नाही. ‘ओळखखूण’ हा शब्द तिथे पुरेसा आहे.

दोनओळी

बास्केटबॉलच्या मैदानात बास्केटखालच्या रंगवलेल्या भागालाही ‘की’ म्हणतात. पूर्वी तो पट्टा फक्त सहा फूट रुंद होता आणि टोकाला मोठे वर्तुळ होते, त्यामुळे तो कुलपाच्या भोकासारखा दिसे. १९५१ साली अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेत तो पट्टा बारा फूट केला आणि नंतर सोळा फूट केला, त्यामुळे आकार हरवला, पण नाव राहिले.

जुनेपान

आतापर्यंतची चर्चा नामाविषयी झाली. विशेषण म्हणून येणारी ‘की’ मात्र मला सर्वांत त्रासदायक वाटते. की मुद्दा, की भूमिका, की निर्णय. इंग्रजी लेखनात विसाव्या शतकात हे विशेषण इतके पसरले की त्याला आता ‘महत्त्वाचा’ यापलीकडे काहीही अर्थ उरलेला नाही. आपण त्याचे भाषांतर ‘कळीचा मुद्दा’ असे करतो. माझा आक्षेप असा आहे की, ‘कळ’ म्हणजे जी दाबली असता सगळे यंत्र हलते ती. ज्या मुद्द्याचा निकाल लागला की पुढचे सगळे प्रश्न आपोआप सुटतात, तोच कळीचा मुद्दा. दहा मुद्द्यांच्या यादीत दहाही मुद्दे कळीचे असू शकत नाहीत. शिवाय मराठीत ‘कळ’ भांडणाचीही असते. ‘कळ लावणे’ आणि ‘कळीचा नारद’ या प्रयोगांची छाया ‘कळीचा मुद्दा’ ऐकताना माझ्या मनावर पडते, आणि तो मुद्दा महत्त्वाचा आहे की वादाचा आहे असा संभ्रम होतो. म्हणून साध्या महत्त्वासाठी ‘महत्त्वाचा’ किंवा ‘मुख्य’, आणि गाठ सोडवणाऱ्या मुद्द्यासाठीच ‘कळीचा’, असा भेद मी स्वतःपुरता पाळतो.

सूरसाधक

जुनेपान, आपल्या भेदाशी मी सहमत आहे, परंतु भांडणाच्या छायेविषयी नाही. ‘कळ दाबणे’, ‘कळसूत्री बाहुली’, ‘कळफलक’ ही सगळी यंत्राच्या कळीची लेकरे आहेत आणि मराठी वाचकाचा कान ‘मुद्दा’ शब्दाच्या शेजारी तीच कळ ऐकतो, असे मला वाटते. पोटातली कळ, भांडणाची कळ आणि यंत्राची कळ यांचे ध्वनी एकच असले तरी वाक्य त्यांना वेगळे करते. किनारपट्टी यांनी सांगितलेल्या तीन ‘कीं’सारखेच हे आहे. इंग्रजी वाचक बेटाची की आणि कुलपाची की यांत गोंधळत नाही, मग आपणच का गोंधळावे?

जुनेपान

आपला मुद्दा मान्य आहे. तरीही वर्तमानपत्रात मथळा वाचताना वाक्य पूर्ण नसते, आणि तिथे मला ती छाया जाणवते, एवढेच म्हणेन.

एक प्रश्न मात्र अक्षरवेल यांना विचारतो. आकृतीखालच्या खुणांच्या खुलाशाला आपण काय म्हणता? नकाशात त्याला ‘सूची’ म्हणतात, आणि परीक्षेच्या उत्तरांच्या यादीला ‘उत्तरसूची’. इंग्रजीत दोन्ही ‘की’च आहेत.

अक्षरवेल (धागाकर्ती)

आकृतीखाली मी ‘खुणांची सूची’ असे लिहिले होते, आणि तेवढे एक बरोबर होते असे आता वाटते.

आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझे तीन गट आता थोडे बदलले आहेत. उघडणे, दाबणे आणि जखडणे यांच्या जोडीला ‘ओळखणे’ हा चौथा गट मी धरला नव्हता. नकाशाची सूची, वनस्पतींची ओळख-सूची, तक्त्यातली ओळखखूण आणि स्वरलिपीचे अक्षर हे सगळे तिथे जातात. सूरसाधक यांनी सांगितलेला इतिहास पाहता, दाबायची कीसुद्धा या चौथ्या गटाच्या पोटातूनच निघाली, कारण पट्टीवर आधी अक्षर आले आणि मग पट्टीला नाव मिळाले.

दुरुस्तीचे पान आज छपाईला दिले. पेटीच्या कुलपाला ‘किल्ली’, फलकावर ‘कळ’, आकृतीखाली ‘खुणांची सूची’ असे शब्द त्यात आहेत, आणि ते चौथे वाक्य आता असे आहे: ‘शाफ्टची चावी, म्हणजे यंत्रासोबत वेगळ्या पिशवीत दिलेला चौकोनी पोलादी तुकडा, शाफ्टच्या खाचेत बसवावा, मग पुलीची खाच त्यावर जुळवून पुली हलक्या हाताने ठोकत आत सरकवावी.’ छापण्यापूर्वी मी ते त्या कारागिरांना दूरध्वनीवर वाचून दाखवले. त्यांनी ते हाताखालच्या मुलाकडून पुन्हा वाचून घेतले, आणि ‘वेगळ्या पिशवीत’ हे शब्द त्या मुलाच्याच सूचनेवरून आले आहेत.